गुडघ्याखाली चार बोटं

चैत्र निम्मा सरला की माझं पोट बिघडतं. खाण्यात बदल नसतो, पाणीही गाळून उकळून असतं, तरी बिघडतं. आधी बरगड्यांच्या खाली जळजळ, मग बेंबीभोवती वायू धरतो, आणि दुपारच्या तासाला फळ्याकडे तोंड करून उभी असताना माझा डावा अंगठा उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या फुगीर मांसात आपसूक रुतून बसतो. मुलांना वाटतं, बाई हात चोळतात. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आहे, काही नाही म्हणाले. "मनावर काही ताण आहे का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मीही नाही म्हणाले. दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतं.

यंदा शाळेसमोरच्या रस्त्यावरून पुन्हा टँकर जायला लागले आहेत. मागून पाणी सांडत जातं आणि डांबरावर त्याची एक काळी रेघ उमटते, ती मुलं खिडकीतून बघत बसतात. रेघ वाळायला किती वेळ लागतो यावर त्यांच्या पैजा लागतात. परवा शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, "या वर्षी परत छावण्या लागणार बहुतेक." मी हातातला डबा तसाच बंद केला.

मी बारावीला होते त्या दुष्काळात आमची जनावरांची चारा छावणी आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या गाडीतळावर होती. गाडीतळ म्हणजे उसाच्या बैलगाड्या वजनासाठी थांबायची मोकळी जागा. त्या वर्षी भागात ऊसच नव्हता. कारखान्याचं धुराडं गार पडलं होतं आणि गाड्यांच्या जागी नुसती जनावरं उभी होती, रांगांमागून रांगा. बांबू रोवून वर हिरवी जाळी ताणलेली, खाली दावणी, आणि प्रत्येक दावणीपाशी एखादं घोंगडं, एक पातेलं, एक माणूस. जनावर आणलं की त्याच्यासोबत माणूस राहायलाच हवं. सकाळ-संध्याकाळ हजेरी व्हायची आणि माणूस दिसलं नाही तर जनावराचं नाव कापतात, असं सगळे म्हणायचे. खरंच कुणाचं कापलं होतं का, ते मला आजही माहीत नाही. माझ्या मायनं मात्र त्या भीतीवर अख्खा उन्हाळा काढला.

मायचं नाव वच्छला. माझे वडील, भाऊ आणि भावजय दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले होते, दीड कोयता म्हणून. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात आणि एकट्या माणसाचा अर्धा. तिकडच्या कारखान्याचा हंगाम संपला तरी ते परतले नाहीत. गावात पाणी नाही, येऊन करणार काय, म्हणून तिकडंच वीटभट्टीवर थांबले. बारावीचा शेवटचा पेपर देऊन मी घरी आले तेव्हा मायनं गाठोडं बांधून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी, दोन बैल आणि एक गाय असे चालत छावणीवर गेलो. घराला कुलूप लावताना माय म्हणाली, "पंधरा दिस लागतेल, लई तर लई." तेव्हा फाल्गुन चालू होता.

त्या गाडीतळाचा वास अजून माझ्या नाकात आहे. शेण, मूत, चाऱ्यासाठी बाहेरून आणलेल्या उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांचा, आंबूस ओला वास, आणि त्या सगळ्यावरून टँकरच्या पाण्यातल्या औषधाचा. लोखंडी पिंपातलं पाणी दुपारी चहाइतकं गरम व्हायचं. भाकर आणि मिरची, मिरची आणि भाकर. हिरवं काही खायचं ते जनावरांच्या पुढ्यात होतं. बायका पाणी मोजून घोट घोट प्यायच्या, आणि त्याचं कारण पाणी कमी होतं एवढंच नव्हतं. जायचं कुठं, हा प्रश्न होता. उजाडायच्या आत कारखान्यामागच्या बाभळींत जाऊन यायचं आणि मग सूर्य मावळेपर्यंत सगळं धरून ठेवायचं. चार दिवसांत पोट दगड होऊन जायचं. कुणाला गॅस, कुणाला आंबट ढेकर, कुणाला वर-खाली दोन्ही. दुपारी जाळीच्या सावलीत बायका एकमेकींशी कण्हत बोलायच्या आणि ते बोलणं फक्त पोटाचं असायचं.

जनावरांचीही तीच गत होती. एवढा गोड, ओला चारा त्यांना सवयीचा नव्हता. पाडवा होऊन गेला होता, त्या आठवड्यात आमच्या बिजल्या बैलाचं पोट फुगलं. तो खाली बसेना, रवंथ करेना, नुसता मान लांब करून उभा. माय त्याच्या डाव्या भकाळीला, म्हणजे बरगड्या संपल्यावर जो खोलगट भाग असतो तिथं, मूठ लावून गोल गोल रगडत राहिली. तास झाला, दोन तास झाले. घामानं तिची चोळी पाठीला चिकटली. शेवटी बैलानं एक लांब ढेकर दिला, आंबलेल्या रसासारखा, आणि माय तिथंच त्याच्या पायांपाशी मटकन बसली. बसली ती स्वतःचं पोट दोन्ही हातांनी धरून.

शेजारच्या दावणीची बाई हे सगळं बघत होती. तिच्या दोन म्हशी होत्या. ती उठून आली आणि म्हणाली, "बैलाचं पोट चोळतीस आक्का, आन् सोताचं कोण चोळणार?"

ती कौसामावशी. पन्नाशीची, काटक, बोटं मात्र एखाद्या गड्यासारखी जाड. माहेर धर्मापुरीचं. तिथल्या जुन्या देवळाच्या भिंतीवरच्या दगडी बायकांची पोटं कशी सपाट आहेत, त्यांना कधी वायू धरला नसेल, असं ती हसत सांगायची. नवरा वारल्यावर तिनं परळीत एका रिटायर मास्तरांच्या घरी नऊ वर्षं धुणीभांडी केली होती. मास्तर दुखणाऱ्या लोकांना हातापायाच्या जागा दाबून द्यायचे. "लोकं पाटावर बसून शिकायची, मी फरशी पुसता पुसता शिकले," ती म्हणाली. त्या विद्येला, म्हणजे ॲक्युप्रेशरला, ती 'पिरेशर' म्हणायची. छावणीतल्या सगळ्या बायकाही मग तेच म्हणायला लागल्या.

तिनं मायला घोंगड्यावर बसवलं आणि मला समोर. "तू शीक. तिची ती दाबल तवा दाबल, आज तू दाब."

पहिली जागा हाताची. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांना चिकटवलं की मध्ये एक उंचवटा येतो. त्याच्या टोकावर दुसऱ्या हाताचा अंगठा ठेवायचा, खालून बोटाचा आधार द्यायचा आणि हाडाच्या बाजूला दाबत न्यायचं. बद्धकोष्ठाला ती चांगली. "पर पोटुशी बाई आसल तर हितं हात लावायचा न्हाई," हे तिनं तीनदा सांगितलं. दुसरी मनगटाची. घडीपासून तीन बोटं वर, आतल्या बाजूला दोन दोऱ्यांसारख्या शिरा लागतात, त्यांच्या मधोमध. मळमळलं की ती दाबायची. तिसरी पायाची. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं मोजायची आणि नडगीच्या हाडापासून एक बोट बाहेर सरकायचं. तिथं एक खळगा असतो, शोधला की सापडतो. "ही समद्यांत मोठी," मावशी म्हणाली, "ही पोटाची मालकीण." आणि शेवटी पोट. उपाशी असताना, किंवा जेवून दोन तास झाल्यावर, उताणं निजून, गुडघे उभे करून, तळवा सपाट ठेवायचा; उजव्या कुशीतून वर, बरगड्यांखालून आडवा, डाव्या कुशीतून खाली, असा बेंबीभोवती सावकाश फिरवायचा. आतड्याची वाट तशीच जाते. "उलटं फिरवशील तर निघालेलं माघारी यील."

"किती जोर लावायचा?" मी विचारलं.

"गोड दुखलं पायजे. कडू दुखलं की हात काढायचा."

मी मायच्या नडगीवर अंगठा ठेवला. तिचा पाय किती बारीक झाला होता हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. दहा श्वास दाबायचं, सोडायचं, परत दहा. थोड्या वेळानं तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "बरं वाटतंय गं बाई. सैल झालं आतनं."

बारावीपर्यंत शिकलेल्या, पुढं काय होणार हे माहीत नसलेल्या, तीन जनावरांचं शेण काढत बसलेल्या मला त्या वाक्यानं काय झालं ते कसं सांगू? त्या उन्हाळ्यात माझ्या हातून घडलेली ती एकमेव गोष्ट होती जिचा कुणाला उपयोग होत होता. पाऊस माझ्या हातात नव्हता, टँकर नव्हता, वडिलांचा बंद फोन नव्हता. ही चार बोटं माझ्या हातात होती.

मग रोज दुपारी तोच कार्यक्रम. हजेरी झाली, शेण झालं, पाण्याची रांग झाली की मी मायला घेऊन बसायची. बघता बघता शेजारच्या बायका जमायला लागल्या. दुपारच्या झळांमध्ये, जाळीच्या हिरव्या उजेडात, पंधरा-वीस बायका पाय लांब करून बसलेल्या, प्रत्येकीचा अंगठा स्वतःच्या नडगीत रुतलेला, तोंडानं श्वास मोजणं चाललेलं. पलीकडे जनावरं रवंथ करत असायची. कुणी येणारा-जाणारा बघून हसायचा. पण त्यातल्या बऱ्याच जणींना फरक पडत होता हे खरं. एखादी दुसऱ्या दिवशी पहाटे बाभळींतून येताना लांबूनच मला हात हलवायची, "सिंधे, मोकळी झाले गं!" मावशी मग गंभीरपणे मान डोलवायची आणि म्हणायची, "पाणी बी पी. नुसत्या पिरेशरनं न्हाई व्हणार." कुठून पिणार, हे मात्र कुणी म्हणायचं नाही.

आताही कुणा मुलाची आई पोटाची तक्रार घेऊन आली तर मी तिला जागा दाखवते. पण हात लावण्याआधी विचारते. शी काळी होते का? उलटीत कॉफीसारखं काही दिसतं का? पोट दाबलं तर दगडासारखं लागतं का? दुखणं किती दिवसांचं आहे, आणि त्यासाठी कुठल्या गोळ्या खाता? गेल्या वर्षी एक बाई चिडली. म्हणाली, "तुमी मास्तरीण हाव का डाक्टर? दाबायचं तर दाबा." मी दाबलं नाही. तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिला साधा गॅस निघाला आणि ती गावभर माझ्यावर हसली. हसू दे.

छावणीत मला हे प्रश्न माहीत नव्हते. मला एवढंच माहीत होतं की मायची कंबर दुखते, आणि त्यासाठी ती गेटजवळच्या टपरीवरून पांढऱ्या गोळ्या आणते. सकाळी एक, उपाशीपोटी, चहाबरोबर. जास्त वाकावं लागलं तर दुपारी अजून एक. त्या गोळ्या सगळ्याच बायका खायच्या. आम्ही त्यांना दुखण्याची गोळी एवढंच म्हणायचो.

वैशाख लागला. माय भाकरीचा चतकोर खाऊन उरलेली गायीला देऊ लागली. "भूकच न्हाई, उन्हाचं." तिच्या गालांची हाडं वर आली. ओठ पांढरे पडले. उठताना ती बैलाच्या पाठीवर हात टेकून क्षणभर उभी राहायची, डोळे मिटून. मी दाबायचा वेळ वाढवला. दुपारी अर्धा तास, मग तास. हातावर, मनगटावर, दोन्ही पायांवर. माझ्या अंगठ्याच्या पेरात कळ यायला लागली. ती म्हणायची, "बरं वाटतंय," आणि मी अजून जोर लावायची.

मावशीला कसली तरी शंका आली असावी. एकदा तिनं मायला विचारलं, "आक्का, परसाकडं कसं व्हतंय?"

"चांगलं व्हतंय की."

"रंग?"

माय हसली. "आता रंग बी सांगू का? शीचा रंग शीसारखा हाय."

मावशी हसली नाही. मायच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून तिनं आत पाहिलं आणि म्हणाली, "सिंधू, हिला तेलगावला न्हेऊन दाव एखाद्या डाक्टरला."

"आन् हजेरी?" माय म्हणाली. "सिंधी एकली तीन जनावरं आन् पाणी कसं बगल? पाऊस पडला की जाते मी."

मी गप्प बसले. हे मला स्वतःला सांगायला अजून जड जातं. मी गप्प बसले, कारण मला वाटत होतं की मी तिला बरं करते आहे.

त्यानंतर आठच दिवस गेले असतील. दुपारची वेळ, जेवणं झालेली. माय वाढ्यांची पेंढी उचलायला वाकली आणि एकदम ओरडली. तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. कुणीतरी सुरी खुपसावी तसा. ती पेंढीवरच आडवी झाली, गुडघे पोटाशी घेऊन, आणि तिचं अंग घामानं थंडगार पडलं, त्या आगीच्या उन्हात थंडगार. मी धावले. तिला उताणं केलं आणि सवयीनं तळवा पोटावर ठेवला. पोट हलत नव्हतं. श्वासाबरोबर वर-खाली होत नव्हतं. पाटा असावा तसं लागत होतं हाताला. मी तरीही हात फिरवायला लागले, उजवीकडून वर, आडवा, आणि माय किंचाळली.

मावशीनं मागून येऊन माझं मनगट धरलं.

"हात काढ."

"मावशी, गोळा आलाय, मी जरा..."

"हात काढ म्हणते ना! ही मपली जागा न्हाई, तुझी बी न्हाई. हे कापायचं दुखणं हाय. मास्तर सांगायचे, पोट फळी झालं की बोट लावायचं न्हाई." तिनं रांगेच्या टोकाकडे बघून हाक मारली, "भागवतभाऊ! टेम्पो काढा!"

दूध संस्थेचा टेम्पो छावणीतलं दूध न्यायला आला होता. भागवतभाऊ तो चालवायचे. त्यांनी काही विचारलं नाही. भरलेले कॅन धडाधड खाली उतरवले आणि मागं घोंगडं अंथरलं. चार बायकांनी मायला उचललं. आणि तेवढ्या दुखण्यात, दात एकमेकांवर वाजत असताना, तिनं टेम्पोचा फळका घट्ट धरून ठेवला. "म्या न्हाई येत. संध्याकाळची हजेरी हाय. नाव कापतेल. सिंधे, बैल..."

मावशीनं तिची बोटं एकेक करून सोडवली. "तुझ्या दावणीला मी उभी ऱ्हाते. माझ्या म्हशींसंगं तुझी तीन. कोण नाव कापतंय ते बगते मी. जा तू."

तो रस्ता मला आठवतो तो तुकड्यातुकड्यांनी. दुधाचा आंबूस वास, पत्र्याचे चटके, तेलगावच्या चौकात लागलेली उसाच्या रसाची रिकामी गुऱ्हाळं, आणि मायचं डोकं माझ्या मांडीवर. मी तिच्या मनगटाची जागा दाबत होते, कारण दुसरं काय करू? भागवतभाऊ प्रत्येक खड्ड्याला "आलं, आलं" म्हणायचे. अंबाजोगाई यायला किती वेळ लागला कोण जाणे. मी त्या रस्त्यात देवाशी काही बोलले नाही. मला फक्त तिचे श्वास मोजता येत होते, मावशीनं शिकवल्यासारखे, आणि दहा झाले की मी परत एकपासून सुरू करायची.

सरकारी दवाखान्यात तिला ताबडतोब आत नेलं. एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी मला समजेल असं सांगितलं. जठराला जखम होती, बरीच जुनी. तिला आता भोक पडलं आहे. उपाशीपोटी घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी असं होतं. ऑपरेशन लगेच करावं लागेल, आणि अंगात रक्त फार कमी आहे.

"शी काळी होत होती का? डांबरासारखी?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "होत असणार."

मी सही केली. त्या कागदावर रुग्णाशी नातं लिहायची जागा होती, तिथं 'मुलगी' लिहिताना मला वाटलं, इथं दुसरं काहीतरी लिहायला हवं. जिनं दीड महिना दाबत ठेवलं ती.

माय ऑपरेशनमधून बाहेर आली. नाकात नळी, दोन्हीकडे बाटल्या, पोटावर पट्टी. डोळे उघडल्यावर तिचा पहिला शब्द "पाणी" होता. आणि पाणी द्यायचं नव्हतं. आतडी झोपली आहेत, सिस्टर म्हणाल्या, ती जागी होऊन वायू सरेपर्यंत तोंडानं एक थेंबही नाही. ओल्या कापसानं ओठ पुसायचे, बस.

पाण्यासाठी आम्ही तो सगळा उन्हाळा रांगेत काढला होता. आणि इथं वॉर्डाच्या टोकाला नळ होता, फिरवला की पाणी येत होतं. माय पडल्या पडल्या त्या नळाकडे बघायची. कुणी तांब्या भरला की त्या आवाजासरशी तिचा घसा हलायचा. "सिंधे, एक घोट. कुणी बगत न्हाई." मी मान हलवायची. "तू लई निर्दयी झालीस गं," ती म्हणायची, आणि मी कापूस ओला करून तिच्या फुटलेल्या ओठांवर फिरवायची. ती तो कापूस चोखायला बघायची. मी काढून घ्यायची. आपल्या आईच्या तोंडातून पाण्याचा कापूस काढून घेणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

दुसरा दिवस गेला. तिसरा गेला. सिस्टर सकाळ-संध्याकाळ विचारायच्या, "वायू सरला का आजी?" माय माझ्यासारखीच मान हलवायची. डॉक्टरीणबाई पोटाला नळी लावून ऐकायच्या आणि पुढच्या खाटेकडे वळायच्या. वडिलांचा फोन एकदाचा लागला होता, ते निघाले होते, पण पोचले नव्हते. वॉर्डातल्या सगळ्या बायकांना आता आमची गोष्ट माहीत झाली होती आणि सगळ्या एका गोष्टीची वाट बघत होत्या, जिचा एरवी कुणी चारचौघांत उच्चारही करत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. मावशी, छावणी, दाबायच्या जागा, सगळं. वाटलं, आता रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पोटाला अजिबात हात लावायचा नाही. पाय दाबायचे तर दाब. त्यानं नुकसान नाही." फायदा आहे असं त्या म्हणाल्या नाहीत.

मी पलंगाच्या पायथ्याशी बसले. गुडघ्याखाली चार बोटं, हाडापासून एक बोट बाहेर. छावणीत ज्या जागेवर माझा एवढा विश्वास होता, तिथं अंगठा ठेवताना आता चोरी केल्यासारखं वाटत होतं. तरी ठेवला. दहा श्वास. सोडला. दहा श्वास. समोरच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "थांबू नको पोरी." मी थांबले नाही.

चौथ्या दिवशी, दुपारच्या जेवणाची ताटं वॉर्डात फिरत असताना, मायचा चेहरा एकदम विचित्र झाला. लाजल्यासारखा. तिनं डोळ्यांनी मला जवळ बोलावलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"सुटला," ती पुटपुटली.

"काय?"

"आगं वायू सुटला, मुडदे! आता ओरडून सांगू का?"

ओरडून मीच सांगितलं. "सिस्टर!" समोरच्या म्हातारीनं टाळी वाजवली. कुणीतरी हसलं, मग सगळा वॉर्ड हसला. सिस्टर चमचा आणि वाटी घेऊन आल्या, डॉक्टरीणबाईंना विचारून. "दोन चमचे. त्याच्या पुढं नाही." मी मायचं डोकं उचलून धरलं. पहिला चमचा तिनं बराच वेळ तोंडातच ठेवला, गाल फुगवून, गिळून संपवायचाच नसल्यासारखा. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी दुसरा चमचा दिला.

चौथा दिवस हा अशा ऑपरेशननंतर बहुतेकांचा असतोच, हे डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. त्यामुळे माझ्या अंगठ्यानं काही झालं की नाही, मी कधीच ठामपणे सांगू शकले नाही.

माय वाचली. वडील त्याच दिवशी संध्याकाळी आले. आमची तिन्ही जनावरं हजेरीत शेवटपर्यंत होती, कौसामावशीनं उभं राहून पाच तोंडांचं केलं. आम्ही परतलो तोवर छावणी उठली होती आणि ती आपल्या म्हशी घेऊन गेली होती. आमची जनावरं भागवतभाऊंच्या दारात बांधून गेली होती. नंतर एकदा तिला शोधत गेले होते मी. तिनं मला ओळखलं, चहा पाजला, आणि मायच्या पोटावरचा व्रण केवढा आहे ते बोटांनी मोजून दाखवायला लावलं. ते पाहून तिनं स्वतःचे हात उलटसुलट करून बघितले. मग म्हणाली, "त्या दिवसापास्नं म्या कुणालाच न्हाई दाबलं." मी तिला सांगायला गेले होते की तिनंच मायला वाचवलं. ते मी सांगितलं. तिला पटलं असं वाटलं नाही.

पण चौथ्या दिवसाची दुपार अजून पुरती सांगून झाली नाही. पाणी प्यायल्यावर माय शांत पडली होती. पडद्याआडून उन्हाची तिरीप तिच्या पायांवर आली होती. मी विचारलं, "माय, काळी शी व्हत व्हती का?"

"व्हत व्हती," ती छताकडे बघत म्हणाली.

"किती दिस?"

"पाडव्याच्या आधीपास्नं."

पाडव्याच्या आधीपासून. म्हणजे मी तिच्या नडगीवर पहिल्यांदा अंगठा ठेवला, त्याच्याही आधीपासून. रोज उजाडायच्या आत ती एकटी बाभळींत जायची, मला उठवायची नाही, आणि वर माती लोटून यायची.

"आन् मी दाबायची तवा? बरं वाटतंय म्हणायचीस ती?"

"पयल्या दोन दिवशी वाटलं जरा. मग न्हाई."

"मग कावून म्हणायचीस?"

माझा आवाज चढला असावा, कारण समोरच्या म्हातारीनं तोंड फिरवलं. तिला बोलताना टाके ओढत होते.

"खरं सांगितलं आसतं तर तू मला उचलून दवाखान्यात न्हेलं आसतंस. मग जनावरांचं काय?" ती म्हणाली. "आन् तुझं तोंड कसं व्हायचं गं तवा. आपल्या हाताला गुण हाय म्हून. ह्या उन्हाळ्यात दुसरं काय व्हतं माझ्यापाशी तुला द्यायला?"

मी उठले. वॉर्डाच्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मला रडू आलं नाही. मला तिचा राग आला होता, असा राग की पोटात आतून पीळ बसला. तिनं माझ्यासाठी मरायची तयारी केली होती आणि मला त्यातलं काही कळू दिलं नव्हतं. आणि मला कळलं नव्हतं, कारण मला कळून घ्यायचं नव्हतं. यातलं तिच्या माथी किती टाकायचं आणि माझ्या किती, हे मला तेव्हा समजेना. अजूनही समजत नाही.

थोड्या वेळानं परत आले. संध्याकाळपर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. पलंगाच्या पायथ्याशी बसून तिचा पाय मांडीवर घेतला आणि दाबत राहिले. तिनं पाय ओढून घेतला नाही.